अब्राहामाचा वारस कोण?

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले तालुक्याचे गाव. अशा गावी राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला मुसलमान शेजारी परका नसतो. बाजारात त्याच्याशी व्यवहार असतो, ईदला त्याच्या घरचा शिरखुर्मा येतो आणि नाताळात आपल्या घरचा फराळ त्याच्याकडे जातो. यहुदी माणूस मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी जन्मात पाहिलेला नसतो. तरीसुद्धा रविवारच्या मिस्साबलिदानात आपण ऐकतो ते पहिले वाचन बहुधा यहुद्यांच्या धर्मग्रंथातले असते. त्यानंतरचे स्तोत्र त्यांच्याच मंदिरात गायिले गेलेले असते. प्रार्थनेच्या अखेरीस आपण उच्चारतो तो 'आमेन' हा शब्दही हिब्रू आहे, आणि आपला मुसलमान शेजारी नमाजात 'आमीन' म्हणतो तो त्याच शब्दाचा भाऊ आहे.

हे तीनही धर्म एका पित्याचे नाव घेतात. यहुदी त्याला 'आव्राहाम आवीनू' म्हणजे आमचा पिता अब्राहाम म्हणतात, मुसलमान हजरत इब्राहीम म्हणतात आणि आपण त्याला विश्वासणाऱ्यांचा पिता मानतो. पिता एक आणि वारसा सांगणारे तिघे, असे झाले की आपल्याकडे प्रकरण तहसील कचेरीत जाते. धर्माच्या बाबतीत ते रणांगणावर गेले आणि अजूनही जात आहे. म्हणून एक प्रश्न शांतपणे विचारून पाहण्याजोगा आहे. माझा धर्म सत्य आहे असे मनःपूर्वक मानणाऱ्याने दुसऱ्याचा वारसा नाकारलाच पाहिजे काय?

एक पिता, तीन घराणी

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची कथा येते. देवाच्या शब्दावर विसंबून तो आपला देश व आपले गणगोत सोडून निघाला. त्याला दासी हागार हिच्यापासून इश्माएल आणि पत्नी सारा हिच्यापासून इसहाक असे पुत्र झाले. इसहाकाच्या वंशातून, पुढे याकोबाच्या बारा पुत्रांतून इस्रायलचे लोक उदयास आले. मोशेच्या नेतृत्वाखाली ते मिसरच्या दास्यातून बाहेर पडले आणि सीनाय पर्वतावर देवाने त्यांच्याशी करार केला, ही यहुदी धर्माची पायाभूत श्रद्धा आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञबली थांबले, पण ग्रंथ राहिला. धर्मशास्त्री रब्बींनी त्या ग्रंथाभोवती घराघरांत जपता येईल असे जीवन उभे केले.

प्रभू येशू यहुदी होता. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, शब्बाथ दिवशी तो सभास्थानात जाई, आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले ते मोशेच्या ग्रंथातूनच. त्याची माता, त्याचे प्रेषित, त्याच्या पुनरुत्थानाचे पहिले साक्षीदार हे सारे यहुदी. परराष्ट्रीयांनी सुंता केल्याखेरीज ख्रिस्ती होता येईल काय, या प्रश्नावर सन ४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये प्रेषितांची सभा भरली. तिच्या निर्णयानंतर ख्रिस्तसभेची वाट हळूहळू वेगळी होत गेली. सन ३२५ च्या निकेया येथील परिषदेत, पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ख्रिस्तसभेने स्पष्ट शब्दांत मांडले.

मक्केत सन ५७० च्या सुमारास महंमद पैगंबरांचा जन्म झाला. सन ६१० पासून त्यांना देवदूत जिब्रीलमार्फत ईश्वरी संदेश मिळू लागला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. ६२२ मध्ये त्यांनी मदिनेस स्थलांतर केले व ६३२ मध्ये ते निवर्तले. आपण नवा धर्म स्थापन करीत आहोत असे त्यांनी म्हटले नाही. इब्राहीमचा मूळचा शुद्ध एकेश्वरी धर्म पुन्हा उभा राहत आहे, अशी त्यांची शिकवण होती. मक्केतील काबा इब्राहीम व इस्माईल या पितापुत्रांनी उभारला असे कुराण सांगते.

साम्य कोठे, भेद कोठे

सर्व धर्म शेवटी सारखेच, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तीत सौजन्य असते, पण अभ्यास नसतो. या तीन भावांकडे नीट पाहिले तर वेगळेच काही दिसते. कोणत्याही दोघांमध्ये असे काही सामाईक आहे, की जे तिसऱ्याकडे नाही.

यहुदी व ख्रिस्ती यांच्यात ग्रंथ सामाईक आहे. उत्पत्ती, स्तोत्रे, यशया ही पुस्तके दोघांच्या उपासनेत वाचली जातात, मुसलमानांच्या उपासनेत नाहीत. ख्रिस्ती व मुसलमान यांच्यात मशीहा सामाईक आहे. येशू कुमारी मरियेच्या उदरी जन्मला व तो मशीहा होता हे कुराणही सांगते, यहुदी ते मानत नाहीत. कुराणातील एका अध्यायाला मरियमचे नाव आहे, आणि त्या संपूर्ण ग्रंथात नावाने उल्लेख झालेली स्त्री ती एकटीच. यहुदी व मुसलमान यांच्यात धर्माचरणाची घडण सामाईक आहे. सुंता, खाण्यापिण्याचे विधिनिषेध, दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना, जीवनाचे प्रत्येक अंग व्यापणारे धर्मशास्त्र आणि ईश्वराची मूर्ती न करण्याचा कडक दंडक या बाबतींत ते एकमेकांना आपल्यापेक्षा अधिक जवळचे आहेत. मूळ पापाची शिकवणही त्या दोघांत नाही. प्रत्येकजण आपल्या कृत्यांना जबाबदार आहे व पश्चात्तापाने देवाकडे परतू शकतो, असे दोघेही मानतात.

भेद मात्र खरे आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात कोणाचाच सन्मान नाही. शब्द देह झाला व आमच्यामध्ये राहिला, ही आपली श्रद्धा. यहुदी व मुसलमान दोघांनाही ती देवाच्या एकत्वाला बाध आणणारी वाटते. येशू क्रुसावर मरण पावला हे आपल्या तारणाचे केंद्र, तर कुराण त्याचे क्रुसावरील मरण नाकारते. इसहाकाच्या अर्पणाची कथा पाहा. यहुदी तीत अब्राहामाची व इसहाकाची आज्ञाधारकता पाहतात आणि नववर्षाच्या उपासनेत ती वाचतात. आपण तीत कालवरीची पूर्वछाया पाहतो. मुसलमान बकरी ईदला त्याच प्रसंगाचे स्मरण करतात. कुराणात त्या पुत्राचे नाव दिलेले नाही, पण तो इस्माईल होता असे बहुतेक मुसलमान मानतात. वेदीवर कोणता पुत्र होता याबद्दलसुद्धा भावांचे एकमत नाही.

मधला भाऊ

या तिघांत आपण मधले. आपल्या जागेचे हे वैशिष्ट्य आपण फारसे ध्यानात घेत नाही.

कित्येक शतके आपण थोरल्या भावाला सांगत आलो, की तुझा करार संपला, तुझ्या ग्रंथाचा अर्थ तुलाच कळला नाही आणि आता वारस आम्ही आहोत. मग धाकटा भाऊ आला आणि त्याने आपल्याला सांगितले, की तुमच्या ग्रंथात फेरफार झाले, तुमच्या येशूचे खरे स्वरूप तुम्हालाच कळले नाही आणि अखेरचा संदेश आमच्याकडे आहे. हे ऐकून आपल्याला वेदना होतात. माझ्या प्रभूची ओळख मला तू सांगणार काय, असे मनात येते. नेमके हेच थोरल्याच्या मनात आपल्याविषयी येत आले आहे.

लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची शिकवण आपण शेजारधर्मापुरती लावतो. ती धर्ममतांनाही लागू पडते. माझ्या श्रद्धेचे वर्णन दुसऱ्याने असे करावे की ते ऐकून मी म्हणेन, होय, हे मीच आहे. एवढी अपेक्षा मी करीत असेन, तर यहुद्याविषयी व मुसलमानाविषयी बोलताना माझ्यावर तेच बंधन येते.

एका किनाऱ्यावरचे तीन वार

हे सारे दूरच्या पॅलेस्टाईनचे वाटेल. पण तीनही भाऊ आपल्याच महाराष्ट्रात, आपलीच मराठी बोलत, एका किनाऱ्यावर नांदले आहेत. रायगड जिल्ह्यात अलिबागहून दक्षिणेकडे निघाले की प्रथम इस्रायल आळी व तिच्यातील सिनेगॉग लागते. पुढे रेवदंड्यास दुसरे सिनेगॉग आहे. तेथून खाडी ओलांडली की कोर्लई. पोर्तुगीज भाषेतून घडलेली बोली अद्याप घरात बोलणारी कॅथलिक वस्ती तेथे आहे आणि तेथील चर्च कार्मेल पर्वताच्या मातेचे आहे. आणखी खाली गेले की मुरूड आणि सिद्दींचा जंजिरा. शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे तीनही वार जेथे पवित्र मानले जातात, असा हा पन्नासेक किलोमीटरांचा पट्टा आहे.

तेथील यहुदी स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, म्हणवतात. आपल्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, पण सुंता, शब्बाथ, खवले व पर असलेलाच मासा खाण्याचा नियम आणि देव एकच आहे ही 'शेमा' प्रार्थना त्यांनी सोडली नाही. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली.

त्यांच्या धार्मिक शब्दसंपत्तीत शेजाऱ्यांचा सहवास साठलेला आहे. त्यांच्या नववर्षाला नाव 'नव्याचा सण', तर मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ केलेल्या उपवासाला 'बिरड्याचा रोजा'. त्यांच्या धर्मप्रमुखांना काजी म्हणत. पोहे, नारळ, साखर व फळे यांचा मलिदा ते एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात. त्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळे गावातील खडकावर उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. हा एलिया म्हणजे कार्मेल पर्वतावर बाल दैवताच्या पुजाऱ्यांना आव्हान देणारा संदेष्टा. कार्मेलाइट संघ त्याला आपला आध्यात्मिक पिता मानतो आणि कुराणात तो इल्यास या नावाने येतो. कोर्लईचे चर्च ज्या पर्वताचे नाव सांगते, त्याच पर्वताचा संदेष्टा खाडीपलीकडच्या मलिद्यात आवाहिला जातो.

मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, यांनी बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते व टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. परंपरा अशी सांगते, की हे कैदी बेने इस्रायल आहेत असे कळताच टिपूच्या मातेने त्यांना जीवदान द्यावयास लावले. कुराणात तिने 'बनी इस्राईल' हे नाव वाचलेले होते, पण त्या लोकांपैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. सुटका झाल्यावर दिवेकरांनी नवस फेडला. त्या प्रार्थनागृहाचे हिब्रू नाव 'शार हराहामीम', म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्रायल सिनेगॉगला मशीदच म्हणत, त्यामुळे ते पुढे 'जुनी मशीद' या नावाने ओळखले गेले. हिब्रूतील 'राहामीम' आणि अल्लाला उद्देशून म्हटले जाणारे 'रहमान' व 'रहीम' हे शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत.

ख्रिस्ती भावानेही आपला वाटा उचलला. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. अमेरिकन मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली आणि मोशेचे ग्रंथ त्यांना प्रथमच मराठीत वाचता आले. मिशनऱ्यांच्या मनात धर्मांतराची आशा होती यात शंका नाही. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. बाकीचे आपला धर्म अधिक जाणून घेऊन अधिक चांगले यहुदी झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी पुढे हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. आपण दिलेल्या विद्येने भाऊ स्वतःच्याच घरात समृद्ध झाला, याचे वाईट वाटून घ्यावे की आनंद मानावा? अब्राहामाच्या देवाला त्याचा आनंदच झाला असेल, असे मला वाटते.

तोच शनिवार, गोव्यात

त्याच किनाऱ्यावर, त्याच काळात, शनिवारचा दुसरा इतिहासही घडला. तो कॅथलिक वाचकाने डोळ्यांआड करू नये.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. पोर्तुगालमधून आलेले, बाप्तिस्मा घेतलेले पण मनाने यहुदी असल्याचा संशय असलेले 'नवे ख्रिस्ती' हे त्याचे आरंभीचे लक्ष्य होते. पुढे हिंदू चालीरीती न सोडणाऱ्या नवख्रिस्ती गोवेकरांवरही त्याचा रोख वळला. शनिवार पाळणे, शुक्रवारी सायंकाळी घर झाडून स्वच्छ कपडे घालणे हा संशयास पुरेसा पुरावा समजला जाई. चौल, रेवदंडा, वसई ही ठाणी त्याच धर्मन्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होती आणि रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. ज्या शनिवारमुळे किल्ल्याच्या तटाबाहेर माणसाला केवळ एक टोपणनाव मिळत होते, त्याच शनिवारमुळे तटाच्या आत त्याला तुरुंग मिळू शकत होता.

गार्सिया द ओर्ता हा त्या काळचा विद्वान वैद्य. भारतीय वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य व स्नेही होता. यहुदी वंशाचा, ख्रिस्ती म्हणून जगणारा आणि मुसलमान सुलतानाच्या नाडीवर बोट ठेवणारा हा माणूस १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. त्यानंतर अवघ्या काही दशकांनी, १६१६ मध्ये, त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्याचा पहिला भाग, 'पैलें पुराण', जुन्या कराराचीच कथा सांगतो. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया असा यहुद्यांच्या कथेवर उभा आहे. ती कथा ओवीबद्ध करून आळवणारी आणि ती कथा ज्यांची त्यांना जाळणारी माणसे एकाच धर्मसभेची होती.

त्या काळच्या मोजमापाने त्या काळाकडे पाहावे, असे म्हटले जाते. पण त्याच काळी, त्याच किनाऱ्यावर, अक्षरशत्रू म्हणता येतील अशा शेतकऱ्यांनी शनवार तेल्याला शनवार तेली म्हणून सुखाने जगू दिले. म्हणजे तसे वागणे त्या काळालाही शक्य होते.

ऑलिव्हचे कलम

ख्रिस्तसभेने आपल्या विचारात दुरुस्ती केली आहे, आणि ती बाहेरून उसनी आणलेली नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौलाने कलमाचा दृष्टांत दिला आहे. कोकणातला बागाईतदार रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतो. पौल हे उलट सांगतो. इस्रायल हे लागवडीचे ऑलिव्ह आणि आपण परराष्ट्रीय ही रानटी काडी. ती त्यावर बांधली गेली. काडीने मुळाला तुच्छ लेखू नये, कारण मूळ तिला पोसते. देव आपली देणगी व आपले बोलावणे मागे घेत नाही, असेही पौल तेथे ठासून सांगतो.

हा अध्याय आपल्या पवित्र शास्त्रात प्रारंभापासून होता. तो मनावर घेण्यास फार काळ लागला. दुसऱ्या महायुद्धात, बाप्तिस्मा घेतलेल्या राष्ट्रांच्या मध्यभागी, साठ लाख यहुद्यांची हत्या झाली. १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचा अपमानकारक शब्द काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा संमत केला. प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. एका देवाची उपासना करणाऱ्या, येशूला संदेष्टा मानणाऱ्या व मरियेचा आदर करणाऱ्या मुसलमानांविषयी ख्रिस्तसभेला आदर वाटतो, हेही त्यात नमूद आहे. पोप दुसरे जॉन पॉल १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले तेव्हा त्यांनी यहुद्यांना आपल्या थोरल्या भावांच्या ठिकाणी मानले. २००१ च्या मे महिन्यात ते दमास्कसच्या उमय्यद मशिदीतही गेले.

यावर एक प्रामाणिक शंका उरते. ख्रिस्त सर्वांसाठी आहे असे मानणाऱ्याने गप्प बसावे काय? तसे नाही. आपल्या श्रद्धेची साक्ष देणे हे आपले कर्तव्यच आहे, आणि मुसलमानही आपल्या श्रद्धेची साक्ष देणारच. क्रुसावर काय घडले याविषयी दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हेही मान्य करावे लागते. पण साक्ष देणारा साक्षीदारच असतो. न्यायासनावर त्याने बसायचे नसते. कोणाला वारसा मिळाला व कोणाला नाही याचा निवाडा पित्याने आपल्या हाती राखून ठेवला आहे.

आपल्याकडे बाप गेल्यावर शेताची वाटणी होते. बांध घातले जातात, विहिरीच्या पाळ्या ठरतात, प्रसंगी बोलणेही तुटते. एक गोष्ट मात्र कधी वाटली जात नाही. तीनही भाऊ आपल्या नावापुढे बापाचे नाव लिहितात आणि प्रत्येकजण ते संपूर्ण लिहितो. एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याचे अक्षरभरही कमी होत नाही. अब्राहामाचा वारसा शेतासारखा आहे असे समजून आपण भांडलो. तो नावासारखा आहे.

म्हणून काही गोष्टी आपल्या धर्मग्रामात आजपासून करता येतील. प्रायश्चित्तकाळातील नाटकांत यहुद्यांना एकजात खलपुरुष रंगवणे थांबवता येईल. रंगमंचावरची मरियाही यहुदीच होती, हे मुलांना सांगता येईल. पश्चिम आशियातील युद्धाच्या बातम्या पाहताना, तिकडच्या राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब इकडच्या शेजाऱ्याला न विचारण्याचे पथ्य पाळता येईल. बकरी ईदच्या दिवशी मुसलमान शेजारी कोणाचे स्मरण करीत आहे हे घरात उत्पत्तीचा बाविसावा अध्याय वाचून समजून घेता येईल. आपण स्वतः येथे मूठभर आहोत. तुम्ही या मातीचे वारस नाही, हे वाक्य आपल्याही कानी अधूनमधून पडते. वारसा नाकारला जाण्याचे दुःख आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

अब्राहामाच्या मृत्यूची नोंद उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात अगदी थोडक्यात येते. तो पूर्ण वयाचा होऊन मरण पावला. इसहाक व इश्माएल या त्याच्या दोन्ही पुत्रांनी मिळून त्याला मकपेलाच्या गुहेत मूठमाती दिली. एकाला घरातून काढून दिलेले होते, दुसऱ्याला वेदीवर बांधलेले होते. त्या दिवशी ते एकमेकांशी काय बोलले हे पवित्र शास्त्र सांगत नाही. दोघेही आले होते, आणि पित्याला दोघांनी मिळून उचलले, एवढेच ते सांगते.